आईचा निळा

"डोरीन, बघ तरी मळ किती निघाला! कापड काळंकुट्ट झालं असेल ना?"

लान्सनं शेडच्या दारातून फडकं माझ्यापुढे धरलं. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मी त्याचा चहा घेऊन येत होते. बोलून गेले, "काळं कुठलं? निळंय की."

जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

लान्स, माझा नवरा, जन्मभर सिनेमाचे प्रोजेक्टर दुरुस्त करत आला. ग्राफ्टन गावापासून कसीनो गावापर्यंत प्रत्येक हॉलमधलं यंत्र त्याच्या हाताखालून गेलेलं. अलीकडे डोळे अधू झालेत, पण बिघाड तो कानानं ओळखतो, चाकाच्या दात्यांची झीज बोटाला कळते, म्हणून गावात कुणाला पत्ता नव्हता. मला होता. मीही गप्प बसले, म्हाताऱ्याचा मान राखायला.

आणि त्या दिवशी तो पुसत होता ती फिल्म त्याच्या आईची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ती सिडनीत कार्टून काढणाऱ्यांकडे चित्रं रंगवायची. एक पेलिकन समुद्र पिऊन टाकतो, एवढीच गोष्ट. त्यातला समुद्र सगळा तिनं रंगवलेला. लान्स तान्हा असतानाच ती गेली. तिचा फोटोसुद्धा नाही त्याच्याकडे. त्याच्या थोरल्या बहिणीच्या, एडनाच्या घराखालच्या अडगळीत हा फिल्मचा डबा सापडला तेव्हा हा बाबा लहान मुलासारखा रडला होता. जगात ही एकच प्रत. मंगळवारी शहरातून फिल्म जपणारे लोक येणार होते. एकेक चित्र टिपून, रंग उजळून नवी प्रत करणार होते.

"तशीच दे ना," मी म्हटलं होतं. "साफसफाई त्यांची ते बघतील."

"आईला काय मळक्या तोंडानं पाठवू?"

कपाळ! मी घरात निघून गेले.

फिल्मची एक बाजू चित्राची, दुसरी कोरी. कुठली बाजू कुठली, ते प्रोजेक्टरवाले ओठाला लावून बघतात. चिकटते ती चित्राची. लान्सनं लावली, चिकटली. मग उलटी करून कोरी बाजू ओल्या फडक्यानं खसाखसा पुसली, आजवर पुसत आला तशीच. त्या बाजूलाही ओठ लावून बघावा, हे त्याच्या मनात आलं नाही. कुणाच्या येईल?

माझं 'निळंय' ऐकून आता त्यानं तो लावला, पुसायच्या राहिलेल्या टोकाला. ओठ चिकटला.

"दोन्हीकडे चित्र आहे गं," तो म्हणाला. "एकीकडे तांबडा, एकीकडे निळा. पूर्वी असली फिल्म काढायचे म्हणून ऐकलं होतं. हातात कधी आली नव्हती." मग स्टुलावर बसला. "किती उरलाय बघ."

मी रीळ खिडकीशी धरलं. पेलिकनची चोच तांबडी, वाळू तांबूस, आणि समुद्राच्या जागी नुसतं काचेसारखं आरपार. खोटं बोलावंसं फार वाटलं.

"वीतभर," मी म्हणाले.

"वीतभर म्हणजे पापणी लवेपर्यंत."

"ते लोक कॉम्प्युटरनं करतील की काहीतरी."

"करतील ना. रंग भरतील अंदाजानं. तो त्यांचा निळा. आईचा नाही."

चहा तसाच राहिला.

रविवारी एडना जेवायला आली. लान्सनं फाटकातच सगळं सांगून टाकलं, डोळ्यांचंसुद्धा.

"गाढवा!" ती कडाडली. "ख्रिसमसला माझ्या चहात मीठ घातलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. आंधळा होतोयस तर सांगायला काय झालं होतं तोंडाला?"

तो मान खाली घालून उभा. मग ती आत आली. टेबलाशी बसली आणि मला म्हणाली, "ते फडकं धुतलंस?"

धुतलं नव्हतं. धजलेच नाही. खिळ्यावरून काढून मी तिच्यापुढे ठेवलं. एडनानं ते पसरलं, अंगठ्यानं चाचपलं. आईला पाहिलेली आता तीच एकटी उरलीय.

"कामावरून यायची ना, तर नखांत हाच रंग असायचा," ती म्हणाली. "ब्रशनं घासघासून काढायची. कितीही घासलं तरी जायचा नाही."

बोलली मात्र, आणि लान्सनं तोच रंग एका फडक्यात पुसला, हे तिचं तिलाच कळलं. हात तोंडावर गेला.

मटण कापायचं सोडून मी लान्सकडे बघत राहिले. त्यानं टेबलावर हात फिरवत ते फडकं शोधलं, उचललं, आणि फिल्म लावायचा तसं, सवयीनं खालच्या ओठाला लावलं. ते चिकटलं नाही.