पकड सोडायची खूण

वर्गात पोरीला हसू आवरेना आणि बाहेर जायलाही ती तयार होईना, एवढ्यासाठी बाईंनी शाळेतल्या पोलिसाला बोलावलं. चौदा वर्षांच्या पोरीपुढे शिकल्यासवरल्या बाईंचं डोकं चालत नाही, म्हणून शाळेने हात चालवायला माणूस ठेवलेला! त्याने तिला बाकावरून ओढलं, फरशीवर पालथं पाडलं आणि तिचं मनगट मोडलं.

आता मुख्याध्यापिकांच्या खोलीत तिचे वडील बसले होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात; बचावाचे डाव शिकवायचा क्लास आहे त्यांचा. छाती काढून असे बसले होते, जणू सत्कारालाच आलेत. शाळेत पोलीस हवाच, असं पालकसभेत ओरडून सांगणारे हेच. हात पिरगळायची पकड त्या पोलिसाला हौसेने शिकवणारेही हेच. त्या पकडीचा सराव त्यांनी घरी लेकीवर केलेला. लेक शेजारीच होती, प्लास्टरमधला उजवा हात मांडीवर घेऊन.

"हिला शाळेतून काढावंच लागेल," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आमच्या माणसाने नियमानेच धरलं. खाली पाडल्यावरसुद्धा ही फरशीवर हात आपटत होती. दोनदा, मग पुन्हा दोनदा. केवढा तो माज!"

"हो ना, उस्ताद," दारातला पोलीस म्हणाला. "मी आणखी दाबलं, तरी आपटतेच आहे."

उस्तादांना ती खूण लगेच कळली. क्लासात तळहात दोनदा आपटला की त्याचा अर्थ एकच: हरले, सोडा. मग पकड सुटलीच पाहिजे. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी ते हेच शिकवतात. पोलिसाला मात्र सांगितलं नव्हतं. गुन्हेगाराला कुठली आलीय खूणबिण, म्हणून गाळून टाकलं होतं.

एवढं एक बोलले असते, तर पोरीची शाळा वाचली असती. पण मग आपली चूक कबूल करावी लागणार, तीही ज्याला शिकवलं त्याच्यादेखत. तेवढा दम त्या फुगवलेल्या छातीत कुठला!

"लहानपणापासून हट्टीच आहे हो ती," उस्ताद हसत म्हणाले.

पोरीने बापाकडे पाहिलं. मग डावा हात उचलून टेबलावर दोनदा आपटला.

"बघा, इथेही तेच!" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

उस्ताद खिडकीबाहेर बघत राहिले.