खाडीचा चिखल

पहिला फटका सतीशच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज कॉम्प्रेसरच्या घरघरीतूनही रश्मीला ऐकू आला.

दौंडच्या खालच्या अंगाला, भीमेकाठी, गावाची दूध डेअरी होती. रश्मीचा थोरला भाऊ सतीश तिथं कामाला. त्याच्या वशिल्यानं तिला कोल्ड रूमचा एक कोपरा मिळाला होता. तिथं दुधाच्या कॅनशेजारी प्लॅस्टिकच्या नळ्या उभ्या होत्या, आणि नळ्यांत कोकणातल्या एका खाडीचा काळाभोर चिखल होता. रश्मी पुण्याला पीएच.डी. करत होती. गाड्या-कारखान्यांच्या धुरातला कार्बन खारफुटीची झाडं पानांनी ओढून घेतात आणि मुळांखालच्या चिखलात गाडून ठेवतात. खाऱ्या पाण्याखाली तो शेकडो वर्षं पडून राहतो. तो किती राहतो, हे ती मोजत होती. नळी आडवी झाली की थर मिसळणार, उबेला लागली की चिखलातले जंतू तोच कार्बन खाऊन हवेत सोडणार. आणि ती खाडी तर यंदा भराव टाकून बुजवली होती. हा चिखल गेला की पुन्हा मिळणार नव्हता.

तुलनेला तिला नदीचा गाळ हवा होता. म्हणून सकाळी ती गावातल्या म्हाताऱ्या सर्जेरावमामांच्या होडीतून पात्राच्या मध्यावर गेली आणि एक नळी घणानं ठोकून खाली घातली. काठावरून गावानं ते पाहिलं. इथं पात्रात नळी ठोकतो तो वाळूच्या लिलावात बोली लावणारा. खाली वाळू किती खोल, याचा ठाव गुपचूप घ्यायचा आणि मग बोली लावायची. रश्मीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण बाहेर शिकता शिकता आपली नळी वेगळी आहे, ती सगळ्यांना वेगळीच दिसेल, असं तिला वाटू लागलं होतं.

वाळूचा ठेका हौसरावांचा. शिरूरकडच्या बांधकामांना त्यांचेच ट्रक जायचे. त्यांनी दुपारी मच्छिंद्रला आणि आणखी दोघांना जीप देऊन पाठवलं.

मच्छिंद्र सतीशच्याच वर्गातला. हसत हसत आत आला होता. चिखलाची डॉक्टरीण व्हायला पुण्याला जावं लागतं का, आमच्या म्हशीला विचारलं असतं तरी चाललं असतं, असं म्हणाला. मग हातातला लोखंडी पाइप त्यानं सतीशच्या मनगटावर फिरवला.

"कुणासाठी ठाव घेतला, त्येवढं नाव सांग. मंग आमी जातो."

तिनं खरं ते सांगितलं. खारफुटी, कार्बन, समुद्र. ते तिघं एकमेकांकडं बघून हसले, आणि सतीशच्या पाठीत पाइप बसला. तो गुडघ्यावर आला. बुटाची लाथ तोंडावर बसली. ओठ फाटून दूध सांडलेल्या फरशीवर रक्ताची रेघ उठली. रश्मी हात जोडून तेच तेच सांगत राहिली, कुणी पाठवलं नाही, शपथ घेते. सतीश ओरडत होता. तिनं नाव घेतलं नाही, कारण घेण्यासारखं नाव नव्हतंच.

मग मच्छिंद्र कोपऱ्याकडं वळला. कडेची नळी त्यानं एका फटक्यात फोडली. खाडीचा कुजका वास खोलीभर झाला. दुसरी फोडली. तिसरीवर पाइप उगारला.

"सर्जेराव," रश्मी म्हणाली. "सर्जेरावमामांसाठी."

उगारलेला पाइप त्यानं तसाच खाली घेतला. सर्जेरावांनी कधीकाळी एकदा बोली लावली होती. आता ते नदीच्या गाळात टरबुजं लावायचे. पण मच्छिंद्रला तेवढं पुरलं. होडी त्यांचीच होती ना, असं पुटपुटत तो निघाला. जीप टरबुजाच्या वाडीकडं गेली.

रश्मी धावली ती नळ्यांकडं. एक कलंडली होती, ती तिनं सरळ केली. वळली तेव्हा सतीश भिंतीला टेकून तिच्याकडंच बघत होता.

"मला मारीत हुते तवा न्हाई आठावलं तुला त्येंचं नाव," तो म्हणाला.

 जीपमागं वाडीकडं जायला डेअरीची लुना तिनं काढली, सतीशला मागं बसवलं. मोडका हात पोटाशी धरून तो बसला. 

ती दोघं वाडीत पोचेपर्यंत मच्छिंद्रनं आणि त्याच्या माणसांनी सर्जेरावांना वेलांत आडवं पाडलं होतं. फुटलेल्या टरबुजांचं लाल पाणी आणि म्हाताऱ्याच्या टाळूचं रक्त एकाच वाळूत जिरत होतं. ते कुशीवर वळून डोकं झाकू पाहत होते, आणि झाकणाऱ्या बोटांवरच पाइप पडत होता.

रश्मी मध्ये शिरली. उतरता फटका तिच्या खांद्यावर बसला आणि ती त्यांच्या अंगावर पडली.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "मामांचा काही संबंध न्हाई. नळ्या वाचवायला नाव घेतलं."

मच्छिंद्र तिच्याकडं बघत राहिला. घामानं त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. त्यानं वाकून तिची वेणी धरली, तोंड वर केलं आणि थोबाडीत दिली.

"नळ्या व्हय," तो म्हणाला. "येवढ्या लाडक्या हायत्या?"

त्यानं माणसांना हाक मारली. जीप वळली आणि डेअरीच्या रस्त्याला लागली. लुना तिथंच उभी होती. रश्मी वाडीतली पायवाट धरून निघाली असती, तर जीपच्या आधी पोचून आतून कडी लावता आली असती. सतीश लुनाकडं बघत होता, तिच्याकडंही बघत होता.

रश्मीनं ओढणी फाडली. सर्जेरावांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पट्टी ओढून बांधायला घेतली. रक्त थांबत नव्हतं. तिनं तळवा टाळूवर दाबून धरला आणि सतीशला पाणी आणायला सांगितलं.