वळणावरच्या मनुका

बायको गेल्यापासून मला टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढता येत नव्हतं. आम्ही दोघं दर रविवारी जायचो. आता अर्ध्या वाटेवरचं वळण आलं की पाय लटपटायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि मी परत फिरायचो. डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठणठणीत. मग हे दुःखच असणार, असं मी धरून चाललो. पण ही वाटही सुटली तर आमचं दोघांचं म्हणून काय उरणार?

मेहुणीला हे पटेना. तिने येऊन सरळ स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं.

"भाऊजी, सकाळी काय खाता?"

"चहा-बिस्किटं."

"आणि चढायच्या आधी?"

"चहाच. अंगात जोर यावा म्हणून साखर जास्त."

"अहो, तुम्ही माणूस आहात की मुंगी?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

"ताई काय द्यायची?"

मी डोकं खाजवलं. गावभरची मापं पाठ असणारा मी शिंपी, पण इतकी वर्षं आपल्या ताटात काय होतं ते सांगता येईना. मेहुणीने मागच्या डब्यांतून ओट काढले, मसूर काढली. म्हणाली, "हे सावकाश पचतं, म्हणून पुरतं. नुसती साखर भर्रकन चढते आणि तशीच उतरते."

खरंच असं होतं का, ते बघायचं ठरवलं. पहिल्यांदा ओट बुडाला लागले. मग केळं कुस्करून घातलं, तर चव एकदम ओळखीची लागली. त्या दुपारी शिलाई मशीनवर डुलकी आली नाही. मग कधी रताळं उकडून पाहिलं, कधी मसूर शिजवली, पांढऱ्या पावाऐवजी कोंड्याचा आणला. रविवारी वळण ओलांडलं. पण थोडं वर गेल्यावर पाय पुन्हा जड झाले.

घरी येऊन, बायको टेकडीवर जाताना घालायची ते जाकीट खुंटीवरून काढलं. आतला खिसा मीच शिवला होता. तिला त्याला रेक्झिनचं अस्तर हवं होतं. "असल्या खिशात ठेवणार काय?" मी विचारलं होतं.

"तुम्हाला काय करायचंय? शिवा मुकाट्याने."

आत हात घातला. अस्तराला दोन-तीन मनुका चिकटल्या होत्या.

मग आठवलं. वळणावर ती म्हणायची, "थांबा हो, मला दम लागलाय." दगडावर बसायची, माझ्या हातावर मूठभर मनुका ठेवायची आणि मी खाईपर्यंत अखंड बोलत राहायची. दम लागलेलं माणूस एवढं बोलतं का?

पुढच्या रविवारी ओट खाऊन, खिशात मनुका घेऊन निघालो. वर टाकीशी पोचल्यावर मेहुणीचा फोन आला.

"पोचलात?"

"पोचलो. वळणावर जरा बसलो होतो."

"का? पाय लटपटले?"

"नाही गं. तुझ्या ताईला दम लागला होता."