दुपारी तापणारं मशीन

माझ्या प्रोग्रॅममध्ये खोटं चालत नाही, हे मी आल्या दिवशीच सगळ्यांना ठणकावून सांगितलं. सांगायला नको होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही, आणि जिथे आपली सख्खी आत्या प्रेस चालवते तिथे जाऊन थोडा भाव खायचा मोह कोणाला होणार नाही?

डब्यांची पत्र्याची झाकणं ठोकणारी ती प्रेस माझ्याहून वयाने मोठी. तिच्या पॅनेलमधले रिले, म्हणजे तिला चालू-बंद करणारे जुने स्विच, दिवसभर कडकड वाजायचे आणि एखादा रुसला की आत्या त्याला चपलेने समजवायची. नवे रिले मिळेनासे झाले तेव्हा मालकांनी मला बोलावलं. जुनं पॅनेल उपटायचं, त्या जागी पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमवर मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर बसवायचा, आत्यासमोर स्क्रीन द्यायची आणि हात आत गेला तर प्रेस जागच्या जागी थांबेल असा सेन्सर लावायचा, एवढं काम.

अडचण एकच होती. हे मशीन म्हणे दुपारी तापतं. जेवणं झाली की अर्धा तास बंद ठेवावं लागतं, नाहीतर मोटर जळते. हे मला आत्याने सांगितलं, पॅकिंगवाल्याने सांगितलं, वॉचमननेही सांगितलं. मालक तर केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, "ते तापण्याचं तेवढं नीट बघ हं."

मी नीट बघितलं. मोटरवर तापमानाचा सेन्सर लावला आणि जेवणानंतर स्क्रीनसमोर ठाण मांडून बसले. मोटर होती कोमट. मांजर आनंदाने अंगाचं मुटकुळं करून झोपेल इतपत.

"हे तापतच नाही," मी आत्याला म्हटलं.

"तापतं."

"अगं, आकडा बघ ना."

"तुझा आकडा काल आला. तापलेलंच बघायचं असेल तर तुझ्या डोक्याला लाव तो सेन्सर."

पॅकिंगवाला खोकून हसला. मग तर मी इरेलाच पेटले. मोटर खरोखर तापली तरच मशीन थांबेल असं प्रोग्रॅममध्ये घातलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर प्रेस चालूच राहिली. पॅकिंगवाल्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची सासू आहे.

मग कळलं. रिकाम्या खोक्यांच्या मागे पुठ्ठे अंथरलेले होते, वर जुन्या पोत्यांच्या उशा. तो अर्धा तास सगळे तिथे आडवे व्हायचे. वॉचमनही. आत्याचा पुठ्ठा भिंतीकडचा, आणि तिथे दुसरं कोणी पाय ठेवत नसे. आतोबांना खोकल्याचा जुना त्रास. रात्रभर ती त्यांची पाठ चोळत बसते आणि पहाटे उठून स्वयंपाक करून कामावर येते. म्हणजे त्या पुठ्ठ्यावर मिळायची तेवढीच तिची झोप.

"थांबव ना गं त्याला अर्धा तास," शेवटी ती म्हणाली. आत्या कधी कोणाकडे काही मागत नाही. "काहीतरी कारण लिही."

"खोटं लिहू?"

"मग खरं लिही. म्हातारी झोपलीय म्हणून."

मला वाईट वाटलं. तरी मी नाही म्हटलं. आडमुठेपणा आमच्याकडे आत्याकडून भाचीकडे येतो, त्याला मी काय करणार?

तिसऱ्या दुपारी मी पॅनेलमध्ये डोकं घालून वायरी बांधत होते. एकाएकी प्रेस थांबली आणि बझर कोकलायला लागला. बझर मीच हौसेने मोठ्यातला मोठा निवडलेला. बाहेर येऊन बघते तर आत्या स्टुलावर बसल्या बसल्या पेंगलेली, मान छातीवर आणि हात घरंगळून प्रेसच्या तोंडात गेलेला. वरचा ठोकळा बोटांच्या वर थांबलेला. जुनं पॅनेल असतं तर थांबला नसता. मी तिचा हात बाहेर ओढला आणि एकेक बोट चाचपून बघितलं. मला रडू येत होतं आणि आत्या म्हणत होती, "काय झालं? जेवलीस ना तू?"

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. दुपारी मालक महत्त्वाच्या फोनवर असतात, तेव्हा त्यांना उठवायचं नाही, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. 'उठवायचं' का, ते मी विचारलं नव्हतं. आता कळलं. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, आणि गालावर सोफ्याच्या शिवणीचा लांबलचक वळ.

"तीन दिवस झाले," ते ओरडले, "डोळ्याला डोळा... म्हणजे, फोनवर एक शब्द ऐकू येत नाही. या वेळेला मशीन बंद का नाही? आणि हा बझर कशाने वाजला?"

आत्याचं तोंड पांढरं पडलं. मशीनवर झोपणाऱ्याला घरी पाठवतात, हे तिला माहीत होतं, मलाही.

"मशीन तापलं, मालक," मी म्हटलं.

माझ्या पाठीमागे स्क्रीनवर हिरव्यागार अक्षरांत 'तापमान ठीक' असं लिहिलेलं होतं. मालकांनी ते वाचलं. मग स्टुलावरच्या आत्याकडे बघितलं, तिच्या लाल डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ. मग पुढे येऊन मोटरवर तळहात टेकवला आणि झटक्यात मागे घेतला.

"बाप रे," ते बोटं फुंकत म्हणाले. "केवढा चटका. तुझा सेन्सर चुकीच्या जागी लागलाय."

"मग कुठे लावू?"

त्यांनी चौफेर नजर फिरवली. कोपऱ्यात सगळ्यांचे जेवणाचे डबे गरम करायची हॉटप्लेट होती. "तिथे चांगलं कळेल," म्हणाले आणि एका बुटात परत केबिनमध्ये गेले.

प्रोग्रॅममध्ये मी एक अक्षर बदललं नाही. हॉटप्लेटवरचा सेन्सर जे तापमान आहे तेच सांगतो आणि तापलं की मशीन थांबतं. आजकाल कोणी बाहेर जेवायला निघालं की आत्या डोळे वटारते, "आणि तुझा डबा गरम झाला नाही तर मशीन कसं तापायचं?"

आतोबांचा खोकला चालूच आहे. पण भिंतीकडचा पुठ्ठा आत्याला परत मिळाला, आणि शेजारी तिने एक नवा अंथरलाय. अर्ध्या तासाने स्क्रीनवर 'मशीन थंड झाले' असं येतं, तेव्हा ती उठून मला पायाने ढोसते.

"ऊठ गं, खरं बोलणारे. तुझं मशीन उठलं."