डाव्या पायाचं पान

माझे काका बूट करतात, पण जोडीतले दोन्ही बूट सारखेच हवे असतील तर माणूस त्यांच्याकडे येतच नाही. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल वाकडं, कुणाला बोटं नाहीत, अशी माणसं सर्चवर शोधून लांबलांबून येतात. साइट मी सांभाळतो. माझा धंदाच साइट बनवायचा, पण हे घरचं काम, म्हणून फावल्या वेळात.

काकांच्या मुलीचा, म्हणजे माझ्या ताईचा, डावा पाय जन्मापासून दीड इंच आखूड. काकांनी असा पहिला बूट केला तो तिच्यासाठीच. साइटवरचं लिखाणही तिचंच: माप घरी कसं घ्यावं, जाड तळाच्या बुटाने जिना कसा उतरावा. यंदा तिने स्वतःबद्दल एक पान लिहिलं. शाळेत मुलं मागून तिच्यासारखं चालून दाखवायची, ते सगळं. सोबत उघड्या पायाचा फोटो. काका म्हणाले, "लोकांना बूट दाखवावा, रडगाणं कशाला?" खरं तर त्यात रडगाणं नव्हतंच, दोन ठिकाणी तर चांगलं हसू येत होतं. पण फोटो आल्यावर मीही पान जरा भरभर खाली सरकवलं होतं. ताई हट्टाला पेटली आणि पान साइटवर चढलं.

आठवड्याभरात साइटचे गुण शंभरातल्या एकोणऐंशीवरून नऊवर आले. सर्चमध्ये आपण किती वर दिसतो, त्याचं हे माप. मीच ते काकांच्या मोबाइलवर लावून दिलं होतं आणि काका घरात कुणाला ताप असल्यासारखे तासातासाला ते बघत. नव्या लोकांचे फोन बंद झाले. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय रे शास्त्रज्ञ, हिच्या त्या पानामुळे तर नाही ना?" त्यांनी ताईसमोरच विचारलं.

आमच्या धंद्यात 'मला माहीत नाही' म्हणायची पद्धत नाही. "असू शकतं," मी म्हणालो. "लोक आले आणि लगेच परत फिरले, की गुण पडतात." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

 संध्याकाळी ताईने स्वतःच ते पान काढून टाकलं. त्यानंतर कुणी दुकानात आलं, की ती माप घ्यायला पुढे येईनाशी झाली. आतच शिवत बसायची. पूर्वी नवा माणूस बुजला, की ती आपला पाय स्टुलावर ठेवायची आणि म्हणायची, "हे बघा, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक." आता माप काका घ्यायचे आणि माणसं शेवटपर्यंत बुजलेलीच राहायची.

पंधरा दिवसांनी मी भलतंच काहीतरी शोधत साइटच्या आतल्या भागात शिरलो आणि कपाळावर हात मारला. साइटची रंगरंगोटी करताना 'सर्चमध्ये ही साइट दाखवू नये' या चौकोनात मी खूण केली होती. काम अर्धवट असताना करतातच. संपल्यावर ती काढायची असते. मी काढली नव्हती. तारीख बघितली, तर ताईचं पान चढलं त्याच्या आदल्या दिवसाची.

मी खूण काढली आणि गुण चढायला लागले. इथे गप्प बसता आलं असतं, आणि चार दिवस मी बसलोही. चोराच्या मनात चांदणं. ताईचा साधा मेसेज आला तरी मी दचकायचो. पाचव्या दिवशी काकांचा फोन आला.

"चौसष्ट झाले बघ. पान काढलं ते बरं केलं. तिलाही पटलंय आता."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी तसाच पायात चपला सरकवून निघालो.

दुकानात दोघंच होती. काका एक टाच घासत होते, ताई शिवत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो चौकोन, ती खूण, चार दिवस दातखीळ बसली होती तेसुद्धा.

"ताई, चूक माझी आणि खापर तुझ्यावर फुटलं. पान आत्ताच्या आत्ता परत चढवतो. ते बघून कुणी परत फिरलं नव्हतं गं. बाहेरच्या एकाही माणसाने ते उघडलंच नाही, माझ्याकडे नोंद आहे. उघडलं ते तिघांनीच. तू, काका आणि मी."

ती चिडेल असं मला वाटलं होतं. चिडली असती तर मला जरा हलकं वाटलं असतं. तिने दोरा तोडला आणि सुई कापडात खोचली.

"एकानेही नाही?"

"नाही."

"म्हणजे माझा पाय बघून तोंड फिरवलं," ती म्हणाली, "ते तुम्ही दोघांनीच."

काकांचा हात टाचेवर थांबला. तिचं म्हणणं खोटं असतं, तर मी तिथल्या तिथे नाही म्हणालो असतो.