डोंगराकडच्या दोन खोल्या

सर्जेरावांना नाही म्हणता येत नसे, आणि ही खोड इंदुबाईंना केसांतल्या अक्षता निघायच्या आधीच कळली होती. कुणी काही विचारलं की मान डोलवायची. सर्जेराव रेल्वेचं इंजिन चालवायचे, आणि लोको शेडमधल्या माणसांना त्याचं भारी कौतुक. कुणाच्या बदली गाडीवर जायचं असो, दिवाळीत कुणाला सुटी हवी असो, सर्जेराव हो म्हणून मोकळे. देवमाणूस, असं बाहेरचे म्हणत. इंदुबाई म्हणायच्या, देवसुद्धा नवसाला पावायच्या आधी घटकाभर विचार करतो. होकार मिळायचा बाहेरच्यांना, आणि त्याचा भार यायचा घरावर. सणाच्या दिवशी ताट वाढून बायकोनं वाट बघायची आणि नवरा दुसऱ्याचं इंजिन घेऊन फुलेरा जंक्शनला.

त्या साली आषाढात ते रिटायर झाले. रेल्वेचं क्वार्टर दिवाळीपर्यंत सोडायचं होतं. गावी परत जायची सोय उरली नव्हती. सर्जेरावांच्या वाटणीचं रान भावांच्या घशात गेलेलं आणि इंदुबाईंचं माहेर कोयनेच्या धरणात. घरं, देऊळ, पाणवठा, सगळं पाण्याखाली. मागचा डोंगर तेवढा वर राहिला. हरतालिकेच्या आदल्या दिवशी पोरी त्या डोंगरावर पत्री तोडायला जायच्या आणि ओचे भरभरून परत यायच्या. माणसाला माहेर आठवतं ते आईच्या तोंडानं. इंदुबाईंना आठवायचं ते त्या चढणीनं, पोटऱ्या भरून यायच्या त्या दुखण्यानं.

जयपुरात तीस वर्षं काढली ती रुळांच्या कडेला. मागच्या दारातून नाहरगढचा डोंगर दिसायचा. पण तो दुरावलेल्या सोयऱ्यासारखा. ओळख आहे, जाणं-येणं नाही.

मुलगा उत्तम बँकेत कारकून. जन्म इथलाच, त्यामुळे त्याच्या मराठीला मध्येच हिंदीचं ठिगळ. त्यानं शहराबाहेर मुरलीपुऱ्यात नवं घर हेरलं होतं. वडिलांचा फंड आणि आपलं कर्ज मिळून जमत होतं, आणि बायकोची, लताची, शाळाही त्याच बाजूला. पोराचं काही चुकत नव्हतं. आईबाप आपल्यापाशी असावेत एवढंच त्याच्या मनात. त्यानं आईला स्कूटरवर बसवून घर दाखवून आणलं. भिंतींना चुन्याचा ओला वास, अंगणात रेती. भाजीला जायचं तर टेंपो, डॉक्टरला जायचं तर बस. चहूकडे सपाट, नजर जाऊन टेकेल असं काहीच नाही. इंदुबाईंना बसची पाटी वाचता येत नसे, आणि चारचौघांत कुणाला विचारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पाय नेतील तेवढंच त्यांचं गाव. त्यांनी उत्तमला सांगितलं, घर चांगलं आहे, पण ह्या घरात माणसाला नेऊन ठेवावं लागतं. तो हसला आणि म्हणाला, बघू. बघू म्हणायला तो आईकडून शिकला होता. त्याचा अर्थ दोघांनाही कळत असे.

जयपुरात गणपती थाटात होतो, पण हरतालिकेची पत्री बाजारात मागितली तर माळीण तोंडाकडे बघत राहते. इथल्या बायकांची तीज श्रावणात झोके घेऊन होते, त्यांना ह्या पाल्याचं काय. म्हणून दर साली इंदुबाईंना पत्री हुडकत हिंडावं लागे. रुळांच्या कडेचा आघाडा इंजिनाच्या धुरानं काळा पडलेला, तो देवीला वाहायला मन घेत नसे. त्या साली श्रावण सरता सरता त्या आधीच टेहळणीला निघाल्या. जुन्या शहराच्या चांदपोल दरवाज्यातून आत, बाजार ओलांडून पलीकडे, आणि ब्रह्मपुरीच्या गल्ल्यांतून डोंगराच्या अंगाला लागल्या.

तिथं देवानं दुकानच मांडलं होतं. आघाडा गुडघ्याएवढा, धोत्रा, रुई, डोरली, कुणाच्या तरी कुंपणात कण्हेर. शमी तर रानभर. तिला इथले लोक खेजडी म्हणतात आणि तिच्या शेंगांची भाजी करून खातात. इंदुबाईंनी पदर खोचला आणि चढत गेल्या. वरून एका म्हातारीनं हाक मारली, की बकरीसाठी एवढा कचरा कशाला नेतेस.

“बकरी को नहीं, भगवान को,” इंदुबाई म्हणाल्या.

म्हातारी हसली आणि तिनं चहाला वर बोलावलं. तिचं नाव द्वारका. एकटी राहायची. वरच्या दोन खोल्या आणि गच्ची रिकामी होती. भाडेकरू मालवीय नगरला निघून गेले होते, कारण ह्या गल्लीला पायऱ्या आणि पायऱ्यांवर स्कूटर चढत नाही. म्हणून भाडं अगदी बेताचं, पेन्शनीतून सहज निघेल असं. शहरात मोठा पूर आला तेव्हासुद्धा इथं पाणी थांबलं नाही, वरून आलं आणि खाली गेलं. खालच्या वळणावर भाजीचे ठेले, पिठाची चक्की, एक वैद्य, महादेवाचं देऊळ. सगळं चालत. आणि गच्चीत उभं राहिलं की पाठीमागे अख्खा डोंगर, हिरवागार, वर गढगणेशाच्या देवळाच्या पायऱ्या, मोर ओरडतायत. इंदुबाई कठड्याला हात टेकून उभ्या राहिल्या. चहा निवला तरी त्यांना भान नव्हतं. गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यात तुळस ठेवायची हे त्यांचं तेव्हाच ठरलं.

दुसऱ्या दिवशी त्या सर्जेरावांना घेऊन आल्या. पायऱ्या लागल्या तसे सर्जेराव थांबले आणि एका जुन्या झरोक्याकडे बोट दाखवून म्हणाले, काय कोरीव काम आहे बघ. थोडं वर गेल्यावर पुन्हा थांबले आणि भिंतीवरचा मोर दाखवला. मग एकदा नुसतेच वळून खालचं शहर बघत राहिले. इंदुबाईंना भरून आलं. आयुष्यभर ह्या माणसानं सिग्नल सोडून काही पाहिलं नव्हतं, आता त्याला मोर दिसायला लागला. गच्चीत पोचल्यावर सर्जेराव बाजेवर बसले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, झ्याक आहे. राहायचं ना इथं, असं इंदुबाईंनी विचारलं. त्यांनी मान डोलवली.

तेवढं पुरे होतं. इंदुबाईंनी द्वारकाच्या हातात नारळ आणि सुपारी ठेवली. म्हातारीला ती रीत नवी होती, पण शब्द दिला जातोय हे तिला कळलं.

मग हरतालिकेपर्यंतचे दिवस कसे गेले ते इंदुबाईंना समजलं नाही. क्वार्टरमध्ये भाकरी थापताना त्या मनानं तिकडे असायच्या. पहाटे उठायचं, चढण चढायची, पत्री तोडून आणायची. येताना कोथिंबिरीची जुडी. कुणाची स्कूटर नको, कुणाला विचारणं नको. माहेर पाण्यातून वर आल्यासारखं झालं होतं.

हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी उत्तम पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मुरलीपुऱ्याच्या घराचा विसार त्यानं देऊन टाकला होता. आता मागं फिरलं तर तो बुडणार होता. इंदुबाईंना आधी वाटलं, हा थट्टा करतोय. मग त्यांनी विचारलं, कुणाला विचारून.

“मतलब, बाबांना विचारूनच ना, आई. मागच्या हप्त्यातच त्यांनी हो म्हटलं. तेव्हाच तुझ्या डोंगरावरच्या मकानचंही बोलले, पण तो त्यांना कसा जमणार? रेल्वेच्या डॉक्टरनी त्यांना चढायला सक्त मनाई केलीय. हार्ट मोठं झालंय म्हणाले. तुला सांगितलं नाही का त्यांनी?”

इंदुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पुड्याच्या दोऱ्याची गाठ सोडवत होता.

त्या रात्री इंदुबाईंच्या डोळ्यांपुढे तो झरोका येत राहिला, तो मोर, आणि पाठमोरे सर्जेराव, खालच्या शहराकडे बघत, कमरेवर हात ठेवून. खांदे वरखाली होत होते. तेही त्यांनी पाहिलं होतं, आणि तरी पाहिलं नव्हतं.

सकाळी निर्जळी उपास धरून त्या ब्रह्मपुरीला गेल्या. द्वारकाला सांगितलं, येणं होत नाही, आमच्या मालकांना चढण झेपत नाही. म्हातारी म्हणाली, असं होतं तर आधी का नाही सांगितलंस, खाली रस्त्याला लागून माझ्या दिराच्या दोन खोल्या होत्या, एक पायरी चढायची नाही, दारातून हाच डोंगर दिसतो. परवाच भाड्यानं गेल्या. इंदुबाईंनी मान हलवली. म्हातारीनं पुढे केलेला नारळ परत घेतला नाही. उतरताना खालच्या त्या खोल्यांपाशी थांबल्या. ओट्यावर कुणाचे तरी कपडे वाळत होते. मग वळून पहिल्या दिवशीच्या जागी गेल्या आणि आघाडा, धोत्रा, शमी, रुई, सगळं निवडून निवडून तोडलं, कोवळं तेवढंच.

घरी आल्या तेव्हा सर्जेराव ओट्यावर बसले होते. त्यांनी पत्री धुवायला पाण्याची घागर भरून ठेवली होती. हळूच म्हणाले, की तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही, आणि पोरालाही वाईट वाटू नये म्हणून.

इंदुबाईंनी पत्री ताटात ओतली. उपासानं तोंड कोरडं पडलं होतं. लग्नाला तीन तपं होत आली, पण उखाण्याशिवाय त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

“तुमी न्हाई म्हनाला असता तर मी काय केलं असतं? दोन दिस भांडी आपटली असती. तिसऱ्या दिशी पायथ्याला सपाटीवर घर हुडकलं असतं, तुमच्या छातीला झेपंल असं. तेवढी मला अक्कल हाय, आन् तेवढे पाय बी हायत. पर तुमाला दम लागला तवा तुमी मला मोर दावला. आता मुरलीपुऱ्याला जाऊ, मी येते, तुमाला टाकून कुठं जानार. पर जल्मभर तुमच्या हो ला मी माया समजत आले. ती माया न्हवती. ते नुस्तं भ्या हुतं. बायकोला भिऊन तिला सुख देता येत न्हाई, सर्जेराव.”