काजळी धरलेली काच

चहाचा कप पुंजाजीच्या हातात आला आणि हात तिथेच थांबला.

कप चिनी मातीचा होता, बशीसकट. भगवानराव सरपंचांकडे त्याला आजवर चहा मिळाला नव्हता असं नाही. मिळाला होता, पण ओट्याखाली उकिडवं बसून, पोचे पडलेल्या जर्मनच्या पेल्यात. पिऊन झालं की पेला त्यानेच विसळायचा आणि गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवायचा. आज मात्र सरपंच स्वतः म्हणाले होते, "वर ये न पुंजाजी, खाली काऊन बसतं?" आयुष्यभर पुंज्या म्हणणाऱ्याच्या तोंडून 'जी' निघाला की समजावं, त्याचं काहीतरी अडलेलं आहे.

अडलं होतं ते असं. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, जिल्हा परिषद नवी होती आणि आदर्श गाव निवडायची टूम निघाली होती. बुलढाण्याहून समिती येणार होती. तिच्यासोबत प्रचाराची गाडी, गाडीत दिव्याचं यंत्र. त्या यंत्रात तळहाताएवढी काच घातली की काचेवरचं चित्र पडद्यावर घराएवढं दिसायचं. गावाने काय काय केलं ते अशा काचांवर काढून दाखवायचं, असं सरपंचांनी ठरवलं. आणि साऱ्या पंचक्रोशीत काचेवर काढणारा माणूस एकच होता.

पुंजाजी पेंटर. देऊळघाटच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. रोहिणखेडच्या उरुसात तंबूचा सिनेमा यायचा, त्याच्या मध्यंतरात विडी-साबणाच्या काचा दाखवत, त्याही त्याच्याच. हे काम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी तंबूत त्याच्या लोकांना पडद्यामागे बसवत. पडदा कापडाचा, चित्र मागूनही दिसे. फक्त सगळं उलटं. नटाचा उजवा हात डावा आणि अक्षरं पाठमोरी. ती पाठमोरी अक्षरं वाचता वाचता पोराला उलटं लिहायची सवय लागली आणि पुढे तिच्यावरच पोट भरलं. याला कुणी नशीब म्हणेल. पडद्यामागे बसवणाऱ्याने तरी म्हणू नये.

ओट्यावर ग्रामसेवक गुलाबराव पिठाच्या पिशवीचा खाकी कागद पसरून बसला होता. त्यावर चौकटी आखल्या होत्या. वर चित्र कोणतं, खाली ओळ कोणती, आधी काय, मागून काय, सगळं तिथे ठरत होतं. सरपंचांना एकाच काचेत शाळा, रस्ता आणि खताचे खड्डे हवे होते, कोपऱ्यात स्वतःचा फेटाही. पुंजाजीने सांगितलं, एका काचेत एकच गोष्ट. माणूस नजर ठेवेपर्यंत काच निघून जाते. ओळ चार शब्दांच्या वर नको, पाहणाऱ्यांत सावकाश वाचणारे जास्त असतात. गुलाबरावाने मान डोलावली. शाळा आली, रस्ता आला, बालवाडी आली. सरपंचांचा फेटा वेगळ्या चौकटीत गेला.

मग गुलाबरावाने एका रिकाम्या चौकटीवर पेन्सिल टेकवली आणि सरपंचांकडे पाहिलं. सरपंच खाकरले.

"इथं विहीर काढ. गावची मोठी विहीर. एक आपल्या घरची बाई अन् एक तुमच्याकडली, दोघी संगं दोर ओढून राह्यल्या. खाली लिहायचं, पाणी सर्वांचे."

पुंजाजीने चहाचा घोट घेतला. चहा निवला होता.

त्या विहिरीच्या पायरीवर त्याच्या वस्तीतल्या एकाही बाईने कधी पाय ठेवला नव्हता. वस्ती नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी वाटी वाटीने उपसून प्यायची. उन्हाळ्यात झिरा आटला की बाया विहिरीखाली घागरी मांडून बसत, वरच्या कुणाला दया आली तर वरून धार सोडी. दीक्षा घेऊन आठ-नऊ वर्षं होत आली होती. देव बदलला, धार तिथूनच यायची. म्हणून वस्तीने स्वतःच्या विहिरीचा अर्ज केला होता. पाणाड्याने जागाही दाखवली होती. ती जागा गावठाणात होती आणि गावठाणाचा तो तुकडा भगवानरावांच्या संत्र्याच्या बागेच्या कुंपणाने कधीच पोटात घेतला होता.

"भाऊ, आमच्या विहिरीच्या अर्जाचं काय झालं?" पुंजाजीने विचारलं.

"अर्ज अर्जाच्या जागी हाये. चित्र चित्राच्या जागी. तू काढ न."

दुसऱ्या दिवशीही कप आला. तिसऱ्या दिवशीही. आता पेंटरची नजर काही गहाण पडलेली नसते. सरपंचांच्या कपाला हिरवी किनार होती, ग्रामसेवकाच्याही. त्याच्या कपाला निळी. पहिल्या दिवशी त्याने मनात म्हटलं, जोडी फुटली असेल. तिसऱ्या दिवशीही निळीच. निघताना तो मुद्दाम गोठ्याकडून वळला. पेल्याच्या जागी वळचणीला निळ्या किनारीचा कप आणि बशी नीट उपडी घालून ठेवली होती. त्याच्यासाठी नवी जोडी आणली होती. एवढा खर्च भगवानराव फुकट करणारे नव्हते.

घरी त्याची बायको तानाबाई भाकरी थापत होती. त्याने काचा चुलीच्या उजेडापुढे धरून तिला एकेक दाखवल्या. शाळा पाहून ती हसली, रस्ता पाहून म्हणाली की इतका गुळगुळीत रस्ता जिथं असेल तिथंच राहायला जाऊ. विहिरीची काच आली तशी तिने ती पिठाच्या हातानेच जवळ ओढली. दोर ओढणाऱ्या बाईला त्याने हिरवं लुगडं नेसवलं होतं आणि पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचला होता. तानाबाई तसाच खोचायची. त्याच्या हाताला दुसरी बाई येतच नव्हती.

"मी जन्मात त्या विहिरीवर चढली नाई," ती म्हणाली, "अन् तुमच्या काचेत पाणी ओढून राह्यली."

"चित्र हाये ते."

"साहेब लोक चित्रच पाह्यतीन न. चित्रात पाणी भेटलं तं खरी विहीर कोन देईन आपल्याले?"

पुंजाजी तीन दिवस जे स्वतःशीही बोलला नव्हता ते तिने परातीत पीठ टाकावं तसं समोर टाकलं. एका गावात सगळे एकाच विहिरीवर पाणी भरतात हे समितीने डोळ्यांनी पाहिलं की दुसऱ्या विहिरीचं कारणच उरत नाही. अर्ज फेटाळायचीही गरज नाही, आपोआप विझतो. कुंपण जागच्या जागी, वर आदर्श गावाचा मान. खोटं बोलायला गावात माणसं कमी नव्हती, पण खोटं काढून द्यायला हा एकच होता.

काच फोडून टाकावी असं त्याला वाटलं. फोडली तर सरपंच बुलढाण्याहून दुसरा कुणी आणतील, चित्र तेच राहील, फक्त वस्तीवरचा राग वाढेल. दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. वस्तीला तेवढं पुरे झालं. त्याला ओट्यावर चढून चहा पिताना सगळ्यांनी पाहिलं होतं. विहारापुढच्या कडुलिंबाखाली तो गेला की बोलणं थांबू लागलं. जनकाबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, तिच्या जिभेला हाड नव्हतं. तिने भर रस्त्यात विचारलं, "काऊन रे पुंजा, सरपंचाच्या बशीतला चहा लय गोड असते काय? सांग न, आमाले नाई भेटत." लोक हसले. तो हसला नाही. त्याला सरपंचांचा संशय, वस्तीला त्याचा संशय. आणि बायको रात्री कूस बदलून झोपू लागली.

समिती यायच्या दुपारी सरपंचांनी सगळ्या काचा मागवून घेतल्या. त्यांनाही पुंजाजीचा भरवसा नव्हताच. गुलाबरावाने अंगणात उन्हाकडे धरून एकेक काच तपासली. विहिरीची काच पाहून सरपंच पहिल्यांदा मनापासून हसले. शेवटची काच निघाली ती नुसती काळी, दिव्यावर धरून काजळी बसवलेली.

"ही काय बे?" सरपंचांनी विचारलं.

पुंजाजीने सांगितलं, ही समाप्तीची. काजळीवर सुईने लिहिलं की अक्षरं पडद्यावर चांदीसारखी उमटतात. पाहुण्यांचे आभार तिच्यावर लिहायचे. पण कोणते साहेब येणार ते अजून कळलेलं नाही, नाव कळलं की लिहून देतो. यात खोटं काही नव्हतं. त्या घटकेला तो आभारच लिहिणार होता.

दिवस मावळला. शाळेच्या पटांगणात दोन खांबांना कापड ताणलं. समोर खुर्च्या, खुर्च्यांपुढे सतरंज्या. गाडी मागे उभी. साहेब आले, नारळ झाला, हार झाले. सरपंचांनी भोंग्यावरून सांगितलं की आज सगळं गाव एक होऊन इथं बसलेलं आहे. गाव बसलंही होतं. कोतवालाने नेहमीप्रमाणे हातातल्या काठीने वाट दाखवली आणि वस्तीची माणसं नेहमीप्रमाणे पडद्याला वळसा घालून पलीकडे, मातीत जाऊन बसली. त्यांना तिकडे पाठवा असं सरपंचांनी सांगितलंच नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. गावच्या एकीची काच दाखवायच्या रात्री तरी त्यांना इकडे बसवावं, हेही कुणाच्या डोक्यात आलं नाही, इतकी ती रीत अंगात मुरलेली. अंधारात साहेबांना फक्त कापड दिसत होतं.

पुंजाजी यंत्राजवळ उभा राहून काचा देत होता. तानाबाई गोणपाट काखेत घेऊन पडद्याआड जाताना त्याला दिसली. तिने वळून पाहिलं नाही.

शाळा झाली. रस्ता झाला. टाळ्या झाल्या. विहिरीची काच लागली आणि घराएवढ्या तानाबाईने घराएवढा दोर ओढला. साहेबांनी शेजारच्या माणसाला काहीतरी सांगितलं, त्याने मान हलवली. तेवढ्यात पडद्यामागून जनकाबाईचा आवाज आला, बारीक पण चरचरीत.

"कितीक खोल हाये व तानाबाई ती विहीर? सांग न, तू तं पाहून आली."

मागे कुणी हसलं नाही. समोर काहींनी ऐकलं, काहींनी ऐकलं नाहीसं केलं. म्हातारी तानाबाईला बोलली होती, पण नेम कुठे होता ते पुंजाजीला कळलं.

गुलाबरावाने चिठ्ठी आणून दिली, साहेबांचं नाव. पुंजाजीने ती खिशात घातली. गाडीच्या पायरीवर बसून, यंत्राच्या फटीतून येणाऱ्या उजेडात त्याने काळी काच मांडीवर घेतली आणि सुईने लिहिलं. चार शब्दच लिहिले. मग काच फिरवली, पाठ पुढे केली आणि यंत्रात घातली.

पडद्यावर चांदीची अक्षरं उमटली, सगळी उलटी. समोर हशा पिकला. यंत्र चालवणारा ऑपरेटर म्हणाला, उलटी लावली की हो तुम्ही, आणि काच काढायला हात पुढे केला. पुंजाजीने यंत्राच्या पत्र्यावर, काचेच्या खाचेवर पंजा दाबून धरला.

"सरळ कर बे, पुंज्या," सरपंच खुर्चीवरून ओरडले.

"सरळच हाये, भाऊ."

वस्तीत एक रीत होती. विहारात ग्रंथ वाचायचा तो एकट्याने नाही, ज्याला येतं त्याने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागे म्हणायचं. म्हातारी माणसं तशीच अक्षरं शिकली होती. समोर लिहिलेलं दिसलं की त्यांच्याकडून गप्प बसवत नसे. आज सबंध खेळभर त्यांच्यापुढे पाठमोरी अक्षरं येत राहिली होती, म्हणून ती गप्प होती.

आधी एका मुलीचा आवाज आला, अडखळत. मग आणखी चार. मग सगळ्यांचा, संथ, विहारात वाचावं तसा.

"आमच्या वस्तीला विहीर नाही."

समोरचा हशा थांबला. पडदा बोलला असंच काहींना वाटलं. मागच्यांनी रीतीप्रमाणे ओळ पुन्हा म्हटली. साहेबांनी सरपंचांकडे पाहून विचारलं, पलीकडे कोण आहे? सरपंच म्हणाले, कोणी नाही, पोरंसोरं आहेत. साहेब उठले. ते खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले, तशी त्यांची सावली पडद्यावर चढली, अक्षरं झाकली गेली, आणि ते कडेच्या खांबाला वळसा घालून गेले तशी पुन्हा उघडी पडली.

यंत्राचा पत्रा तापला होता. कातडी भाजल्याचा वास पुंजाजीच्या नाकात शिरला. ऑपरेटर म्हणाला, हात काढा हो, काच तडकेल. भगवानराव खुर्चीवरून उठून त्याच्याकडे येत होते. या गावात आता आपल्याला कुणी साधी पाटीसुद्धा रंगवायला देणार नाही, हे त्याला त्यांच्या चालण्यावरूनच कळलं. त्याने हात काढला नाही.

पडद्याच्या पलीकडून तानाबाईचा आवाज आला. तिने गोणपाट सारल्याचीही खसखस ऐकू आली.

"बसा साहेब. इथून सरळ दिसते."

साहेब बसले की उभेच राहिले, ते या बाजूने दिसत नव्हतं.